पलकची कावीळ, रेणुकाची भजी

टेंभुर्णीच्या शाळेत दहावीला रेणुका नावाची मुलगी आहे, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. जाफराबादहून आलेली एसटी थांबली, की उतरणाऱ्याला आधी रेणुकाचा आवाज ऐकू येतो, गाव नंतर दिसतं. हा आवाज तिला वडिलांनी, सुग्रीवनं, दिला. सुग्रीवची साठ-सत्तर मेंढरं आणि तीन एकर रान. मेंढरं पांगली की वाऱ्याच्या उलट्या अंगानं हाक घालावी लागते, आणि ती हाक रेणुका सहाव्या वर्षापासून घालत आली आहे. त्यामुळे वर्गात ती शेजारणीच्या कानात गुपित सांगते, ते ऑफिसात हेडसरांना आपोआप कळतं. वर्गशिक्षक अप्पाराव सर म्हणतात, देवानं या पोरीला सगळं दिलं, फक्त आवाज बारीक करायचं बटण बसवायचं राहून गेलं.

या मुलीचं जगात कशावाचून अडत नाही, फक्त भज्यांवाचून अडतं. शाळेच्या फाटकासमोर गोजरबाईंचा गाडा आहे. मधली सुट्टी व्हायला पाच मिनिटं असताना गोजरबाई पहिला घाणा कढईत सोडतात. तो वास खिडकीतून वर्गात येतो, आणि त्या पाच मिनिटांत शिकवलेलं काहीही रेणुकाच्या डोक्यात आजवर शिरलेलं नाही. पायथागोरसचा सिद्धांत बहुधा त्याच पाच मिनिटांत शिकवला गेला असावा.

अशा या रेणुकानं आठ महिने भज्याला हात लावला नाही. त्याला कारण पलक.

पलक कापड दुकानवाल्या जैन घरातली. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. पाचवीत दोघी एका बाकावर आल्या. पहिल्याच आठवड्यात भांडण झालं आणि रेणुकानं कर्कटकानं बाकाच्या मधोमध रेघ ओढली, की इकडं तुझं, इकडं माझं. त्यानंतरची चार वर्षं दोघींनी ती रेघ ओलांडण्यात घालवली. पलकच्या डब्यातली बेसनाच्या गट्ट्याची भाजी रेघेच्या पलीकडे जायची, रेणुकाची भाकरी अलीकडे यायची. जैनाघरी लसूण चालत नाही, म्हणून रेणुकाच्या डब्यात ठेच्याचे दोन गोळे असत, एक लसणाचा आणि एक बिनलसणाचा. गोजरबाईसुद्धा मिरचीच्या भज्यांचा पहिला घाणा कांद्याच्या आधी, ताज्या तेलात काढायच्या आणि म्हणायच्या, हा शेठच्या लेकीचा.

नववीत दिवाळीची सुट्टी संपली आणि पलक आली नाही. आठ दिवस वाट पाहून रेणुका दुकानात गेली. गादीवर पलकची आजी, इचरजबाई, बसलेल्या होत्या. त्यांनी कापड फाडता फाडता सांगितलं, पलकला कावीळ झाली, संभाजीनगरला मामाकडे ठेवली आहे, मोठी कावीळ आहे, वेळ लागेल.

खरं म्हणजे पलकला कावीळ झालीच नव्हती. पावसाळ्यापासून तिची झोप गेली होती, मग जेवण गेलं, आणि एका सकाळी तिला अंथरुणातून उठावंसंच वाटेना. वडिलांनी संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. काही आठवडे तिथं, मग मामाकडे राहून दर आठवड्याला डॉक्टर मॅडमकडे, असे उपचार चालले. मनाचा आजार म्हटलं की गाव एका शब्दात वेडी म्हणून मोकळं होतं, आणि तो शब्द पुढे सोयरिकीपर्यंत पोरीच्या मागं चालत येतो, हे इचरजबाईंना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी आजार निवडला, तोही गिऱ्हाईकाला कापड निवडून द्यावं तसा. टायफॉइड अपुरा पडत होता, मलेरिया जास्त दिवस चालला नसता. कावीळ बराबर मापात बसली. शिवाय आपल्याकडे काविळीला मान आहे. प्रत्येकाकडे तिच्यावर एक औषध असतं आणि कुणी नावं ठेवत नाही.

रेणुकानं त्याच संध्याकाळी खंडोबापुढे हात जोडले. काविळीला तेलकट वर्ज्य, एवढं तिला माहीत होतं. ती म्हणाली, पलक बरी होऊन माझ्या शेजारी बाकावर बसेपर्यंत मी तळलेलं काही तोंडात घालणार न्हाई. नवस बोलताना माणसानं शब्द जपून वापरावेत. पण शब्दाचा कीस काढणाऱ्या म्हाताऱ्या वकिलालाही पंधराव्या वर्षी ते जमलं नसेल, तर रेणुकाला कुठून जमणार?

मग नवसाची परीक्षा सुरू झाली. मावसबहिणीच्या लग्नात पुऱ्या होत्या, बुंदी होती, ताटाच्या कडेला कुरडया होत्या. रेणुकानं वरणभात खाल्ला आणि रडू नये म्हणून मोठ्यानं मंगलाष्टकं म्हटली. गोजरबाईंना वाटलं पोरगी दुसऱ्या गाड्यावर जायला लागली, आणि त्या महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. इकडे वर्गात पलकच्या अर्ध्या बाकावर रेणुकाचं दप्तर बसायचं. एकदा नवी आलेली एक मुलगी तिथं बसायला गेली. रेणुकानं तिला अगदी प्रेमानं सांगितलं, की इथं काविळीचा पेशंट बसत होता, बाकाला अजून असेल थोडी. ती मुलगी त्या दिवसापासून शेवटच्या बाकावर सुखानं शिकते आहे. जूनमध्ये दहावीचा वर्ग बदलला, तेव्हा रेणुकानं तो रेघेचा बाक, पाचवीपासून दर वर्षी न्यायची तसा, नववीतून ओढत व्हरांड्यातून दहावीत आणला. शिपायानं विचारलं तर म्हणाली, सरांनी सांगितलं. सरांनी विचारलं तर म्हणाली, शिपायानं.

एवढंच नाही. आठ महिने ती फळ्यावरचं सगळं पलकच्या वहीत उतरवत होती. स्वतःच्या वहीत उतरवायला वेळ उरत नसे, त्यामुळे नववीला ती कशी पास झाली हे फक्त अप्पाराव सरांना माहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पलक आली. काविळीचं माणूस वाळून परत येतं, ही गोल होऊन आली होती. गोळ्यांनी चेहरा भरला होता. गावानं शांतपणे निष्कर्ष काढला, की पोरीला कावीळ मानवली. रेणुकानं दप्तर उचललं, पलकची बाजू ओढणीनं दोनदा पुसली आणि सरकून बसली. अप्पाराव सर पलकला घेऊन वर्गात आले, चौफेर पाहिलं, आणि तिला दाराजवळच्या दुसऱ्या बाकावर, अंजूशेजारी बसवलं.

अंजूबद्दल काय सांगावं? वर्गात पहिला नंबर. वह्यांना खाकी कव्हर, कव्हरला कोपरे, कोपऱ्यांना काटकोन. शिंकसुद्धा रुमालात घडी घालून ठेवल्यासारखी. तिच्याविरुद्ध बोलायला काही सापडत नाही, आणि रेणुकाच्या मते यापेक्षा वाईट गोष्ट माणसात असूच शकत नाही.

सुट्टीत रेणुका सरांकडे गेली आणि तिनं आपल्या परीनं हळू आवाजात विचारलं, की आमचा बाक तिकडं असताना हे काय. सर म्हणाले, की पलकला अजून शांतता लागते, कधी बाहेर जावं वाटलं तर दार जवळ असावं, आणि तुझं तोंड, बाळ, चालू असलं की जनरेटरसारखं असतं. मग त्यांनी अंजूच्या सुवाच्य वह्या पलकला दिल्याचंही सांगितलं. रेणुकाच्या दप्तरात आठ महिन्यांची वही तशीच होती. ती तिनं बाहेर काढली नाही.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. पलकला जी झालीच नाही, ती जुलै महिन्यात रेणुकाला झाली. चौथ्या बाकावरून तिला दुसरा बाक सोडून काही दिसेना. अंजूनं पलकची बाटली भरून आणली, हे दिसलं. तीन वेळा. अंजूनं खिडकीचा पडदा सारखा केला, पलकच्या डोळ्यावर ऊन येत होतं म्हणून. ऊन चार वर्षं येत होतं, तेव्हा रेणुका आपलं डोकं पुढं करायची, पडदा लागत नव्हता. आणि गट्ट्याची भाजी. ती आता अंजूच्या डब्याशेजारी उघडत होती. अंजू एकच गट्टा घ्यायची, तोही रुमालाला हात पुसून. अरे, गट्टा घ्यायचा तर वाटी उचलून घ्यावा, पाहणाऱ्याला समाधान तरी वाटतं.

पलक तिच्याशी बोलायची, पण रेणुकानं डोळ्यांत पाहिलं की मान खाली घालायची. त्याचा अर्थ रेणुकानं चुटकीसरशी लावला, की अंजूनं फितवलं.

आता प्रेमात माघार घ्यायची ही धनगराच्या घरची रीत नव्हे. रेणुकानं दुसरी बाजू लढवली. काविळीला मुळा उत्तम. जैनाघरी जमिनीखालचं खात नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणून ती रोज संध्याकाळी रानातून मुळे उपटून आणायची, वाटेत मुळे स्वतः खायची आणि पाला दुकानात नेऊन इचरजबाईंच्या हाती द्यायची. चातुर्मास लागलाय आणि त्या घरात आता पालेभाजीसुद्धा शिजत नाही, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. इचरजबाईंनाही ते तिला सांगवेना. त्या पाला घ्यायच्या आणि दारातल्या गाईपुढे टाकायच्या. त्या गाईला कधी काळी कावीळ असलीच, तर ती जुलैअखेर मुळासकट गेली असणार.

मग तो बुधवार आला. इतिहासाचा तास चालू होता. पलकच्या हातातलं पेन खाली पडलं, आणि ती उठून दारातून बाहेर गेली. अंजू पाठोपाठ गेली. सर शिकवत राहिले, जणू काही घडलंच नाही. रेणुकानं पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं, आणि उत्तर येण्याआधी ती व्हरांड्यात होती.

पाण्याच्या टाकीमागे पायरीवर पलक बसली होती. अंजू तिच्यासमोर उकिडवी बसून बारीक आवाजात आकडे मोजत होती. चारपर्यंत श्वास घे, थांब, आता सोड. मग विचारलं, सकाळची गोळी घेतली ना, डॉक्टर मॅडमनी सांगितलं तसं पाय जमिनीला टेकव.

रेणुका टाकीच्या कडेला उभी होती. मेंढरांचे आजार पाहून वाढलेली मुलगी. कावीळ कशी असते, हे तिला दाखवायची गरज नव्हती. आजार दुसरा आहे, हे तिला दोन मिनिटांत कळलं आणि त्याचं तिला, खरं सांगायचं तर, फार वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. अंजूला माहीत होतं.

पलकचा श्वास जाग्यावर येईपर्यंत ती थांबली, हे तिच्या खात्यावर जमा धरावं. मग पुढं आली.

"काविळीत श्वास मोजतात व्हय गं?"

अंजू उठायला लागली. रेणुका म्हणाली, "तू बस की. तुला तर सगळंच ठाव हाये."

पलकनं तिच्याकडे पाहिलं, या वेळी मान खाली न घालता. तिनं सांगितलं, की अंजूला मी काही सांगितलेलं नाही, पप्पांनी सरांना सांगितलं आणि सरांनी अंजूला, कुणीतरी जवळ असावं म्हणून.

"मंग मी काय मेल्ते का? तुला माझ्याजवळ कुणी बसू दिलं न्हाई?"

"मीच," पलक म्हणाली. "मीच सरांना म्हणले, रेणुकाजवळ नको."

मेंढरांना दोन शेतांपलीकडून माघारी फिरवणारी रेणुका टाकीची गळती तोटी आवळू लागली. 

पलक सावकाश बोलत होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी. "दादीनं शपथ घातली, कावीळच म्हणायचं. सगळ्यांपुढं म्हणून राह्यले मी. तुझ्याशेजारी सहा घंटे बसून मला ते म्हणता आलं नसतं. तू तोंडाकडं पाह्यलं की माझ्या पोटात काही राहात न्हाई. आन् त्यात तू रोज मुळा आणून राह्यली." ती थांबली. "तिकडं असताना मला काहीच नको वाटायचं, रेणे. जेवण नको, आई नको. तू पण नको वाटायची. ते तुला कसं सांगू?"

रेणुकाला यावर बरंच काही म्हणायचं होतं. मैत्रीविषयी, शपथांविषयी, अंजूच्या कव्हरांविषयी. पण तोंडातून निघालं ते आठ महिने तुंबलेलं.

"मी भजं खाल्लं न्हाई," ती म्हणाली.

"काय?"

"दिवाळीपून. नवस बोलल्ते तुझ्या काविळीसाठी. मावसबहिणीच्या लग्नात पुऱ्या व्हत्या, बुंदी व्हती. मी वरणभात खाल्ला, पलके."

पलकनं तोंडावर हात धरला. मग तो हात पुरेना. ती हसायला लागली, पायरीवर वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि सिमेंटच्या टाकीनं ते हसणं मोठं करून शाळाभर पाठवलं. अंजू घाबरून पुन्हा श्वास मोजू लागली. "कावीळच नव्हती गं," पलक हसता हसता म्हणत होती, "कावीळच नव्हती."

इथं अंजूतला पहिला नंबर जागा झाला. तिनं शंका काढली, की आजारच दुसरा निघाला तर हा नवस फिटतो की फुकट जातो? आणि नवसाचे नेमके शब्द काय होते? रेणुकानं शब्द सांगितले. बरी होऊन, शेजारी बाकावर. पलकनं डोळे पुसले आणि म्हणाली की पूर्ण बरी तर मी अजून नाहीच, गोळ्या अजून वर्षभर आहेत, मॅडम म्हणाल्यात कधी चांगले दिवस येतील कधी वाईट. वर्षभर हा शब्द ऐकून रेणुकाचा चेहरा उतरला. थोडा विचार करून तिनं जाहीर केलं, की खंडोबा मेंढरं वळणाऱ्यांचा देव आहे, तो कोर्टासारखा शब्दात धरत नाही. बरं होणं सावकाश होऊ दे, बाकाचं तेवढं पाहा.

पलक उठून वर्गाकडे निघाली.

त्या संध्याकाळी इचरजबाईंनी गादीवरून पाहिलं, तर रेणुका नेहमीसारखी पाला घेऊन उभी. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. इचरजबाई ओशाळून म्हणाल्या, "अब बस कर बेटा, लई झालं. बरी हाय ती आता."

रेणुकानं गिऱ्हाइकांकडे पाहिलं, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्हाई दादी, कावीळ लई वाईट. उलटती. जपावंच लागतं." आणि पाला ठेवून निघून गेली. इचरजबाईंनी मापाचा गज कापडावर ठेवला. मग आत जाऊन त्यांनी पलकला विचारलं, की तिला सांगितलंस का. पलक म्हणाली, कळलंय तिला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, बाकीची पोरं वर्गात यायच्या आधी, पलक अप्पाराव सरांपुढे उभी राहिली आणि म्हणाली की मला रेणुकाजवळ बसायचं आहे. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, तिचं तोंड ठाऊक आहे ना, उद्या गावभर होईल. पलकनं त्यांना कालची पाल्याची हकिकत सांगितली. सर ऐकत राहिले, मग चष्मा पुसत म्हणाले, की गेली तीस वर्षं मी मुलं पाहतोय आणि मला अजून काही कळत नाही. पण दाराजवळची जागा सोडता येणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

रेणुका हे सगळं चौथ्या बाकावरून ऐकत होती. तिनं वाद घातला नाही. ती उठली, बाकाचं एक टोक धरलं आणि दाराच्या दिशेनं ओढायला लागली. जुलैच्या दमट हवेत बाक जड झाला होता. दुसरं टोक कुणीतरी उचललं. अंजूनं.

"माझ्यासाठी कधी कुणी अशी जागा धरून ठेवली न्हाई," अंजू बाक उचलता उचलता म्हणाली.  रेणुकाला चिमूटभर वाईट वाटलं, पण बाक वजनदार होता, त्यामुळे ते फार वेळ टिकलं नाही. अंजूचा बाक खिडकीपाशी गेला, रेघेचा बाक दाराशी आला. पलक आपल्या बाजूला बसली आणि तिनं बोटानं रेघ तपासली. रेणुकानं आठ महिन्यांची वही रेघेच्या पलीकडे सरकवली. अक्षर वाचण्यासारखं नव्हतं, पण पलकनं पहिलं पान उघडं ठेवलं.

मधल्या सुट्टीत गोजरबाईंनी तिघींना येताना पाहिलं. काही न विचारता त्यांनी तेल बदललं आणि मिरचीचा पहिला घाणा सोडला. कागदावर भजी आली. रेणुकाचं तोंड आधीच उघडलेलं होतं. पलकनं पहिलं भजं उचललं, फुंकर मारली, मधोमध तोडलं, आणि मोठा अर्धा तुकडा अंजूच्या हातावर ठेवला.

रेणुका पाहत राहिली. आठ महिने. पुऱ्या, बुंदी, कुरडया. तिचे कान लाल झाले, आणि अजून मिरची तोंडातही गेली नव्हती. अंजूनं हातातला तुकडा रुमालावर ठेवला आणि रेणुकाकडे पाहिलं. पलकही पाहायला लागली.

रेणुकानं कागदावरचं एक अख्खं भजं तोंडात टाकलं, चावलं, डोळे मिटले, उघडले. मग कढईकडे हात करून ती गोजरबाईंना म्हणाली, "मावशी, या अंजूला एक घाणा वेगळा काढा. तिचं तिला."